पाचच्या बसनं येणारा ड्रायव्हर

आमच्या घरचा पहिला कॉम्प्युटर मी साफसफाई करून बिघडवला. लोक कॉम्प्युटरवर चहा सांडतात, कुणाच्या कॉम्प्युटरवर वीज पडते, कुणाच्या घरी उंदीर वायर कुरतडतात. आमच्या घरी यांपैकी काही झालं नाही. आमच्या घरी मी होतो.

त्याआधी माझी लायकी काय होती ते सांगतो, कारण तेव्हा मला ती फार मोठी वाटायची. आम्ही कोहमाऱ्याचे. गोंदियाचा रस्ता जिथे हायवेला येऊन मिळतो ते हे गाव. धाबे, पंक्चरची दुकानं आणि उभे ट्रक एवढाच तिथला थाट. या थाटात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा चॅम्पियन मी होतो. (स्पर्धेत माझी धाकटी बहीण बबली आणि शेजारचा पंक्चरवाला मारोती. मारोतीच्या रिमोटची वायर मी बहुधा काढून ठेवत असे.) गाड्यांच्या शर्यतीची एक कॅसेट होती. त्यात गाडी म्हणजे चार चौकोन, रस्ता म्हणजे दोन रेघा आणि झाड म्हणजे हिरवा ठिपका. रिमोटवर बटणं दोनच. एकानं गाडी पळायची, दुसऱ्यानं थांबायची. थांबायचं बटण मी कधी दाबलं नाही. कॅसेट अडकली तर ती उपसून तिच्या बुडाशी फुंकर मारायची, हे माझं तांत्रिक शिक्षण. ते पूर्ण झालेलं होतं.

मग मी कॉलेजला गोंदियाला जायला लागलो आणि तिथे एका मित्राच्या खोलीवर कॉम्प्युटरवरचा गेम पाहिला. त्यातल्या गाडीला नंबर प्लेट होती! मागे धूळ उडत होती, आरशात मागची गाडी दिसत होती. त्या दिवशी घरी येऊन मी आमच्या चार चौकोनांकडे पाहिलं आणि मला आमच्या सगळ्या घराण्याची कीव आली. दुसऱ्याच दिवशी मी व्हिडिओ गेम, रिमोट, कॅसेट सगळं मारोतीच्या टपरीवर नेऊन ठेवलं.

"हे कायले देऊन राहिला गा?" मारोती म्हणाला.

"पोट्ट्यांचं खेळणं हाय ते. आता मी कॉम्प्युटरवर खेळतो."

"कॉम्प्युटर आला का घरी?"

"येईल."

असा मी दानशूर होतो. कॉम्प्युटर यायला पुढे बरेच महिने गेले, आणि तेवढे महिने संध्याकाळी मारोतीच्या टपरीतून माझ्याच शर्यतीचा आवाज मला ऐकावा लागला.

बाबांना पटवणं सोपं नव्हतं. बाबा आधी स्वतः ट्रक चालवायचे. मग पाठीत चमक भरली, ती गेलीच नाही, म्हणून स्टिअरिंग सोडून ते एका ट्रकचे मालक झाले होते. त्यांच्या मते घरात नवीन मशीन आणायची तर ती एक तर चालली पाहिजे किंवा दळली पाहिजे. मी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरवर ट्रकची बिलं निघतील, माझं कॉलेज होईल, बबलीचं भविष्य घडेल. गेम हा शब्द मी तोंडातून काढला नाही. शेवटी गोंदियाच्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आला. आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि तो देवघराच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी बसला.

दुकान पिंटू भैयाचं. हा गोंदियातला कॉम्प्युटरचा डॉक्टर, म्हणजे त्याच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. त्यानं आम्हाला असा कॉम्प्युटर विकला होता की त्यात जागा म्हणून नव्हती. मी मोठ्या झोकात गेमची सीडी आत सारली, आता शर्यत सुरू होणार म्हणून मांडी ठोकून बसलो, आणि कॉम्प्युटर मला प्रश्न विचारायला लागला. पुढे जाऊ का? कबूल आहे का? कुठे ठेवू? अरे, कॅसेट घातली की शर्यत लागते एवढी साधी गोष्ट, तिच्यासाठी एवढी चौकशी कशाला! मी सगळ्याला हो म्हटलं. शेवटी त्यानं सांगितलं की जागा नाही.

तेव्हा मी साफसफाईला बसलो. माझा हिशोब सरळ होता. कॅसेटमध्ये गेमशिवाय दुसरं काही नसतं. म्हणजे ज्या फायलीवर क्लिक केल्यावर गेम लागत नाही, ती फाइल फालतू. मी एकेक फाइल उघडायचा प्रयत्न करी आणि गेम लागला नाही की तिला काढून टाकी. कॉम्प्युटर मध्येच पिवळा त्रिकोण दाखवून विचारी, खरंच काढायची का? मी म्हणे, खरंच.

"दादा, त्याच्यावर सिस्टम लिहिलं होतं," बबली म्हणाली.

"सिस्टम म्हणजे काय, माहीत हाय का तुले?"

"नाही."

"मंग चूप बस."

मलाही माहीत नव्हतं. पण ते तिला कशाला सांगा?

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीची एक ओळ. मी माझं सगळं तांत्रिक शिक्षण पणाला लावलं. सीडीचा खण उघडून आत फुंकर मारली. मागच्या पंख्याला फुंकर मारली, तेव्हा आतली सगळी धूळ माझ्या डोळ्यांत आली. मग सीपीयू आईच्या चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसनं गोंदियाला निघालो. कंडक्टरनं गाठोड्याकडे पाहून विचारलं की कोणाची तब्येत बरी नाही.

पिंटू भैयानं सीपीयू उघडला नाही, हातही लावला नाही. लांबूनच निदान केलं.

"फॉर्मेट मारना पड़ेगा."

या माणसाजवळ औषध एकच होतं. पडदा काळा पडला तरी फॉर्मेट, आवाज गेला तरी फॉर्मेट, आणि मला खात्री आहे की त्याच्या घरी कुणाला उचकी लागली तरी तो फॉर्मेटच मारत असेल. मी दुपारपर्यंत स्टुलावर बसलो, त्यानं फॉर्मेट मारला, आणि मी पुन्हा गाठोडं मांडीवर घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर सुरू केला तर सगळं सुजलेलं. अक्षरं जाडजूड, रंग उडालेले, आवाज बंद. पण आता जागा भरपूर होती! गेम आत गेला. मी त्याच्या चित्रावर क्लिक केलं. शर्यतीऐवजी एक चौकट आली.

"काय लिहिलं हाय?" मी बबलीला विचारलं. (इंग्रजी मला येत होतं, पण चॅम्पियननं स्वतः वाचायचं नसतं.)

"ड्रायव्हर सापडला नाही म्हणते."

"बरोबर हाय. गाडीची शर्यत हाय न. गाडीत बसाले कोणी तरी लागंल का नाही?"

बबलीनं मान डोलावली. मीही मनापासून तसंच समजत होतो. कॅसेटमध्ये ड्रायव्हर कंपनीकडूनच बसवून येतो आणि कॉम्प्युटरवर तो आपण आणून द्यावा लागतो, एवढा दोघांत फरक आहे, असा माझा समज झाला. एवढा महागाचा खेळ, आणि त्यात माणूस आपला! मला कॉम्प्युटरवाल्यांच्या चिकटपणाचा राग आला.

नेमका त्याच दिवशी आमच्या अंगणात बाबांचा ट्रक भरून उभा होता. गोंदियाच्या राइस मिलमधून तांदळाची पोती भरून तो नागपूरला निघालेला. पण ड्रायव्हर सुखराम कोहमाऱ्याला उतरला, सासुरवाडीला लग्न आहे, गेलो आणि आलो, असं म्हणाला, आणि त्यानंतर फक्त गेला. इकडे मिलचा सेठ दर घटकेला फोन करत होता. उद्या सकाळी गोदाम उघडायच्या वेळी माल नागपूरला पाहिजे. नाही पोचला तर तो दुसऱ्याची गाडी लावेल, आणि मग आमच्या ट्रकनं मिलच्या फाटकात पुन्हा यायचं नाही. हे नुसतं बोलणं नव्हतं. ती मिल हेच आमचं कायमचं काम होतं, बाकी सगळा वाटेवरचा धंदा. ती गेली असती तर आमचा ट्रक अंगणात नुसता शोभेला उभा राहिला असता. बाबा सकाळपासून धाब्याधाब्यावर फिरून आले होते, ओळखीच्या सगळ्यांना फोन करून झाले होते. हायवेवरच्या गावात, जिथे रस्त्यावर दगड मारला तर ड्रायव्हरला लागतो, तिथे त्यांना एक ड्रायव्हर मिळत नव्हता.

म्हणजे त्या दिवशी एकाच घरात दोन माणसं ड्रायव्हर शोधत होती आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

बाबांनी फोन ठेवला आणि ओसरीत तोंड धुवायला गेले. मी फोन उचलला. त्या काळात गोंदियाला बोलायचं तर फोन नुसता निमित्त असे, आवाज आपल्यालाच पोचवावा लागायचा.

"पिंटू भैया, ड्राइवर नहीं है!" मी ओरडलो. "हाँ, सब रेडी है, पर ड्राइवर ही नहीं... अरे, बिना ड्राइवर के कैसे चलेगी? आज ही चाहिए... सीडी? अच्छा, सीडी में रहता है?... पाँच की बस से? पक्का? तो कंडक्टर को बोल देना, कोहमारा में उतार दे।"

पिंटू भैयाकडून मला तेव्हा कळलं की हा ड्रायव्हर गाडीत बसणारा नाही, तो एक प्रोग्राम असतो आणि सीडीत असतो. ती सीडी टाकायला तो विसरला होता. मी फोन ठेवून वळलो तर दारात बाबा उभे, चेहऱ्यावर साबण तसाच.

"भेटला का?"

"भेटला. गोंदियाचा पिंटू भैया पाठवून राहिला. पाचच्या बसनं येते."

बाबा तिथेच उंबऱ्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते साबणाचं असावं. मलाही भरून आलं. कॉम्प्युटर आल्यापासून त्यांनी त्याच्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि आज माझ्या गेमची त्यांना एवढी काळजी!

"जुना हाय का नवा?"

"जुनाच. आपली मशीन जुनी हाय न. नवा तिले झेपत नाही म्हणते."

"बरोबर सांगते तो. नवे लोक गेर तोडून ठेवते. काही खराबी तं नाही त्याच्यात?"

"व्हायरस तेवढा पाहून घेजो म्हणे."

"म्हणजे ताप-गिप?"

"तसंच काही तरी." (आता बाबांना व्हायरस कुठे समजावत बसू?)

"त्याचं काही नाही. गोळी देऊ एखादी. पैसे काय घेते?"

"फुकट. ड्रायव्हरचे पैसे पिंटू भैया घेत नाही. मशीनसोबतच येते म्हणे तो."

बाबांनी बाहीनं चेहऱ्यावरचा साबण पुसला. ट्रकच्या धंद्यात केस पिकले होते त्यांचे, पण असं काही त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

"अना अर्ध्यातून पळून गेला तं? सुखरामसारखा?"

"नाही पळत. एकदा बसला का फॉर्मेट मारेपर्यंत जागचा हालत नाही."

फॉर्मेट काय ते बाबांना माहीत नव्हतं, पण मारण्याची सोय आहे हे त्यांना आवडलं. "लागलं तं मारू न गा," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी सेठला फोन लावला. पाच वाजता ड्रायव्हर येऊन राहिला, जेवला का गाडी हलवतो, सेठ, तुम्ही बिनघोर राहा. मग आईला सांगितलं, अंड्याचा रस्सा कर, भात जास्त लाव. अंडी पाहून मला वाटलं, हा माझ्या यशाचा सत्कार आहे. मी आईला रस्सा जरा झणझणीत करायलाही सांगितलं.

पाच वाजता आम्ही बापलेक स्टँडवर. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कायले येता, मी आणतो न. ते म्हणाले, असं बरं दिसत नाही, पहिल्यांदा येऊन राहिला तो. मला हे जरा जास्त वाटलं. बस आली. बाबा दाराशी जाऊन उभे राहिले. मी पुढे गेलो, कंडक्टरनं खाकी पाकीट हातात दिलं, ते मी छातीशी धरलं आणि मागे न पाहता घराकडे पळालो.

बसच्या दाराशी काय झालं ते मला पुढे मारोतीकडून कळलं. बसमधून पोतडी घेतलेल्या बाया उतरल्या, कॉलेजच्या मुली उतरल्या, आणि सगळ्यांत शेवटी एक गृहस्थ उतरले. पिळदार मिशा, गळ्यात पंचा, हातात रेक्झिनची बॅग. ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या पाहत उभे राहिले. गाड्यांकडे असं पाहणारा माणूस ड्रायव्हर नसेल तर कोण असेल?

"गोंदियावरून न?" बाबांनी विचारलं.

"हो."

"पाठवलं न तुमाले?"

"हो, साहेबांनीच पाठवलं."

"चला. जेवण तयार हाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी बॅग उचलली. गृहस्थ मागोमाग निघाले.

इकडे मी सीडी आत सारली. खिडकीतून पाहिलं तर बाबा कोणा पाहुण्याला घेऊन येत होते, त्याला पाय धुवायला पाणी देत होते. बाबांकडे असे पाहुणे येत. मी लक्ष दिलं नाही. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती. ती भरली. पडदा एकदम काळा झाला, आणि मग सुजलेली अक्षरं बारीक होऊन, खरे रंग घेऊन समोर आली. कोपऱ्यात इंग्रजीत अजून काही लिहून येत होतं, ते मी वाचलं नाही.

"बाबा, ड्रायव्हर बसला!" मी आतून ओरडलो.

"हो, बसला," ओसरीतून बाबांचा आवाज आला. "तुही माय वाढून राहिली त्याले."

मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. "एकदम मस्त चालून राहिला!"

"चालंल न गा. पहिले जेवू तं दे त्याले."

आता मात्र मला हे बोलणं विचित्र वाटलं. मी रिकामं पाकीट हातात घेऊन ओसरीत आलो. पाहुणे पाटावर बसून भाताचा डोंगर पोखरत होते. आई तिसऱ्यांदा रस्सा वाढत होती.

"हे काय हाय?" बाबांनी पाकिटाकडे पाहून विचारलं.

"याच्यातच आला न ड्रायव्हर. सीडी होती. टाकला मी."

"कुठी टाकला?"

"कॉम्प्युटरमंधी. कॉम्प्युटरचाच ड्रायव्हर तं होता तो."

बाबांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग सावकाश मान वळवून पाटाकडे पाहिलं.

"मंग हा जेवून कोण राहिला?"

पाहुण्यांनी तोंडातला घास शांतपणे गिळला. "मी विम्याचा एजंट," ते म्हणाले. "देवरीकडं निघालो होतो, इथी गाडी बदलाची होती. तुम्ही एवढ्या प्रेमानं बॅग उचलली, मंग मले नाही म्हणता आलं नाही. आमाले पाहून लोकं दार लावून घेते, जी. जेवाले कोणी बोलवत नाही." मग आईकडे वळून, "थोडा रस्सा येऊ द्या," आणि बाबांकडे वळून, "घरात विमा कोणाकोणाचा काढून हाय?"

तेवढ्यात फोन वाजला. सेठच. निघाली का गाडी?

बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, दोन लगावल्या असत्या, तर बरं झालं असतं. मला आयुष्यात पहिल्यांदा त्या चार चौकोनांची, त्या नंबर प्लेटची आणि स्वतःची खरोखर लाज वाटली. त्यांनी फोनमध्ये सांगितलं, "निघून राहिली, सेठ," आणि आईला कमरेचा पट्टा मागितला.

"तुमची पाठ?" आई म्हणाली.

"पाठीचं नंतर पाहू. मिल गेली तं खाशीन काय?" मग माझ्याकडे न पाहता, "चाल. क्लिनर तू."

ट्रक तोंड घराकडे करून उभा होता. मागे घेऊन रस्त्यावर काढायचा होता. बाबा कण्हत वर चढले, मी मागे जाऊन उभा राहिलो. आता सांगायची गोष्ट ही, की माझ्या शर्यतींत गाडी फक्त पुढे जायची. इतक्या वर्षांच्या चॅम्पियनकीत मी एकदाही रिव्हर्स घेतला नव्हता, आणि एवढी मोठी गाडी कुल्ले माझ्याकडे करून येताना तर कधीच पाहिली नव्हती.

"आने दो, आने दो," मी ओरडायला सुरुवात केली. क्लिनर तसं ओरडतात, तेवढं मला माहीत होतं.

"कोणीकडं काटू?" बाबांनी केबिनमधून विचारलं.

"डावीकडं!"

डावी बाजू बरोबर होती. फक्त ती माझी होती. रस्ता पाहायला मी ट्रककडे पाठ करून उभा होतो हे माझ्या लक्षात आलं नाही. ट्रकच्या लक्षात आलं, पण तोवर त्याचा मागचा फाळका विजेच्या खांबाला जाऊन भिडला होता. खांब कलला. वर तारांत निळसर चटचट झाली, आणि कोहमाऱ्याचे सगळे धाबे, त्यांचे पंखे, त्यांच्यावरची गाणी एका दमात बंद पडली.

घरातून बबलीचा आवाज आला. "दादा, कॉम्प्युटर बंद झाला. बंद करू नका म्हणून लिहून होतं त्याच्यावर."

शेजारून मारोती बाहेर आला. हातात माझाच रिमोट. "लाइन कोणं घालवली गा? मी जिंकून राहिलो होतो न."

पोती शाबूत होती. फाळका तेवढा वाकला होता. बाबा खाली उतरले, फाळका पाहिला, खांब पाहिला. मला पाहायचं त्यांनी टाळलं. ओसरीच्या पायरीवर एजंट बॅग घेऊन दात कोरत उभे होते.

"तुमची गाडी तं गेली," बाबा त्यांना म्हणाले. "साकोलीकडं, भंडाऱ्याकडं काही काम हाय का?"

"आमचं काम सगळीकडंच राहते."

"क्लिनरी येते?"

"आमाले पाहून माणसं रोजच मागं जाते. गाडीचं पाहू."

आणि त्या माणसानं बॅग केबिनमध्ये फेकली, ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि बाबांची उजवी-डावी बाबांच्या बाजूनं सांगून ट्रक सरळ हायवेवर काढून दिला. मग पंचा झटकून वर चढला. मी अंगणात उभा राहून लाल दिवे साकोलीच्या दिशेनं जाताना पाहिले. मला कोणी टाटा केला नाही.

माल वेळेवर पोचला. मिलचं काम टिकलं. बाबा परत आले ते कमरेत वाकूनच, आणि कॉम्प्युटरच्या खोलीतल्या खाटेवर आडवे झाले. एजंट म्हणे निघाल्यापासून नागपूरपर्यंत बोलतच होता. "त्याच्या बोलण्यानं डोयाले डोया लागला नाही. म्हणून पोचलो," बाबा म्हणाले. नागपूर येईपर्यंत त्यानं बाबांना एक विमाही विकला होता. आईनं विचारलं, कोणाचा काढला? बाबा म्हणाले, गाडीचा. आईनं विचारलं, आताच कायले? बाबांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

सुखरामही लग्नाचे लाडू घेऊन परत आला, जणू काही झालंच नव्हतं. त्याला बोलायची कोणाची टाप नव्हती, कारण तो ड्रायव्हर होता. बोलणी जेवढी होती तेवढी मी एकट्यानं खाल्ली. वीजवाल्यांनी खांब सरळ केला, गावात लाइन आली, आणि घाबरत घाबरत मी कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू झाला! गेमवर क्लिक केलं. गेमही लागला.

नंबर प्लेटची गाडी, धूळ, आरसा, सगळं होतं. मागे प्रेक्षक जमले. बबली, सुखराम, मारोती, आई, आणि खाटेवर गरम पाण्याची पिशवी पाठीशी धरून बाबा. मी की-बोर्डवर हात ठेवले. दोन बटणांचा मी राजा होतो, आणि इथे सगळ्या बाराखडीएवढी बटणं! शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या निघून गेल्या. माझी गाडी उजवीकडे गेली आणि एका खांबाला भिडली. ती मागे कशी घ्यायची हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून ती तिथेच घरघरत राहिली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा खांब. तिसऱ्यांदा मारोती म्हणाला की कॅसेटमंधी बरी चालत होती तुही गाडी.

एवढ्या लोकांत मी चूक कबूल करणं शक्य नव्हतं. मी जाहीर केलं की कॉम्प्युटरच खराब आहे. ताडकन उठलो आणि सगळ्यांसमोर पिंटू भैयाला फोन लावला.

"भैया, कैसा माल दिया? गाड़ी सीधी चलती ही नहीं। हर बार खंबे को ठोक रही है।"

पिंटू भैयाचा आवाजही गोंदियाहून स्वतःच्या बळावर यायचा. तो माझ्या कानाला तर ऐकू आलाच, खाटेपर्यंतही गेला.

"ड्राइवर बदलना पड़ेगा।"

बाबा पाठीवर हात ठेवून खाटेवर उठून बसले. कॉम्प्युटर आल्यापासून त्यातली एक गोष्ट त्यांना पहिल्यांदाच पूर्ण समजली होती.

"बरोबर सांगून राहिला तो," ते म्हणाले. "ऊठ तू. बबली, तू बस."

बबली बसली. पहिल्याच फेरीत खांब चुकवून गेली. मी खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिलो. क्लिनरची जागा रिकामीच होती.